शेवटच्या वळणातला क्लच

माझा नवरा गेल्याचं कळलं की लोक आधी विचारतात, "मोटरसायकलवर का?" आवाज हळू केलेला असतो, कपाळाला आठ्या असतात, पण त्यामागे एक तयारी असते. मी होय म्हणण्याची खोटी, पुढचं वाक्य ओठांवर येऊन बसलेलं असतं. मी नाही म्हणते. घरी, जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. मग त्या माणसाची थोडी निराशा होते. वेगाबद्दल, हेल्मेटबद्दल, या वयात असले शौक करण्याबद्दल त्याला जे सांगायचं होतं ते तोंडातच राहतं. आमच्या एका शेजाऱ्यांनी तरीही हार मानली नाही. त्या गाडीवर पुढे वाकून बसल्यामुळे छातीवर ताण येत असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे गृहस्थ रोज सकाळी वारज्याच्या चौकात उलट्या दिशेने स्कूटर घालून दूध आणायला जातात.

नवरा हडपसरला एका कारखान्यात होता, यंत्रांचे सुटे भाग आखायच्या विभागात. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो रोज कंपनीच्या बसने जायचा, कारण पुण्याच्या रस्त्यावर मोटरसायकल चालवणं त्याला कमीपणाचं वाटे. मोटरसायकल चालवायची ती शनिवारी सकाळी, शहराबाहेरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर. इतर दिवशी तिथे वाढदिवसाला आलेली मुलं छोट्या मोटारी एकमेकांवर आपटत असतात. जुन्या टायरांच्या राशींनी आखलेला, जिलबीसारखा गुंडाळलेला डांबरी पट्टा आहे तो. शनिवारी ऊन तापेपर्यंत एक गृहस्थ तो भाड्याने घेतात आणि मोठ्या माणसांना मोटरसायकल वळवायला शिकवतात. नवरा तिथे कित्येक वर्षं जात होता. काय शिकतोस, असं कुणी विचारलं की तो सरळ सांगायचा, वळायला. लोक हसायचे. त्यांना वाटे, आपल्याला वळता येतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शनिवार सकाळ माझीही आवडती होती. तो बाहेर, सासूबाई देवपूजेत, घरात कुणी काही विचारायला नाही. मी वाचत बसायची. उन्हं चढली की तो घामाने थबथबून परत यायचा, जाकीट गॅलरीत उलटं टांगायचा आणि काही न सांगता पोहे खायचा. मीही विचारत नसे. दोघांनाही ते बरं वाटत असे. तो गेल्यावर मला त्याचं बाकी सगळं माहीत होतं, ऑफिसातलं टेबल, चष्म्याचं दुकान, दाढी करण्याची त्याची विचित्र पद्धत. फक्त शनिवारी तो काय करत होता हे मला ठाऊक नव्हतं.

दहाव्याच्या आधीच त्याच्या ओळखीचे रायडर भेटायला आले. हे ट्रॅकवरचे नव्हेत. हे माझ्या दिराच्या ग्रुपमधले. रविवारी सकाळी घाटात जाऊन वळणावर फोटो काढून घेणारे. आमच्या चपलांच्या कपाटावर त्यांनी हेल्मेटं ओळीने मांडली. जाकिटांचं चामडं करकरत होतं, त्यामुळे कुणी हललं की सगळ्यांना कळायचं. एकजण म्हणाला की दादा त्याच्या पॅशनसाठी जगले. दुसरा म्हणाला की आता ते वरती ओपन रोडवर असतील. मी पाणी आणून दिलं. त्यांना त्याच्या नावाचे स्टिकर छापून घाटापर्यंत एक राइड काढायची होती आणि परत येताना आमच्या इमारतीखाली सगळ्यांनी एकदम इंजिनं गर्जवून मानवंदना द्यायची होती. मी म्हटलं की इमारतीत दोन जणांना रक्तदाबाचा त्रास आहे, आणि आमच्याकडचं एक हृदय नुकतंच बंद पडलंय. तेव्हा ते निघाले. निघताना प्रत्येकाने हेल्मेटच्या काचेत स्वतःला एकदा बघून घेतलं.

दीर खराडीला राहतो. तो आयटीत आहे. भावापेक्षा बराच लहान, भावापेक्षा देखणा, आणि मोटरसायकलबद्दल भावापेक्षा पुष्कळ जास्त बोलणारा. त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगते, ती पुरे. मोटरसायकल वळणात जितकी वाकवावी तितका टायर कडेपर्यंत झिजतो. जो घाबरून ताठ चालवतो त्याच्या टायरच्या दोन्ही कडा कोऱ्या, चकचकीत राहतात, आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीवरून जाणकारांना चालवणाऱ्याची लायकी कळते. माझा दीर रविवारी घाटात जाण्याआधी पॉलिश पेपर घेऊन टायरच्या कडा घासतो. एकदा हे काम त्याने आमच्या पार्किंगमध्ये केलं. सासूबाई वरून गॅलरीतून बघत होत्या. त्यांना वाटलं मुलगा गाडी स्वच्छ करतोय, आणि त्यांनी त्याला आणखी एक ओलं फडकं खाली टाकलं.

नवऱ्याची गाडी त्याच पार्किंगमध्ये, खांबाजवळ, झाकून उभी होती. सगळ्यांना सोयीचं असं उत्तर तयार होतं: ती दिराला द्यायची. गाडी घरातच राहील, दादाची आठवण राहील, आणि दिराला इतके दिवस तीच हवी होती हे कुणी बोलायचं नाही. तो एका रविवारी घरी आला, आवरण वर करून टाकीवरून हात फिरवला, टायरच्या कडा बघितल्या आणि म्हणाला, "वहिनी, दादाचा टायर बघा. एवढी वर्षं ट्रॅकवर, आणि कडा अजून कोऱ्या." हे त्याने हसून सांगितलं. त्याला वाटलं मला समजणार नाही.

तेव्हा मी म्हटलं की गाडी मी चालवणार आहे.

 मी आयुष्यभर बिनगिअरची स्कूटर चालवत आले आहे. क्लच म्हणजे काय हे मला वाचून माहीत होतं. दिराने समजूतदार चेहरा केला. मला असे चेहरे नवरा गेल्यापासून बघावे लागत होते. दुःखी बाईशी बोलताना लोक आवाज जसा उकडून मऊ करतात, तसा त्याने केला. म्हणाला, "वहिनी, रस्त्यावर काय, कुणीही चालवेल. ही ट्रॅकची गाडी आहे. तिथे चालवून दाखवा, मी शब्द काढणार नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता निकाल दिला. "वर्षश्राद्धापर्यंत शिक. चालवता आली तर तुझी. नाही आली तर त्याला देऊन टाक. नुसती झाकून ठेवायची नाही. माणसाच्या वस्तूला चादर घालून ठेवलेली मला बघवत नाही."

दीर कबूल झाला. बहुधा किल्ली कुठल्या खिशात ठेवायची हे त्याने तेव्हाच ठरवलं.

ट्रॅकवरचे शिक्षक पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये होते. ते सोडून त्यांनी ही शाळा काढली, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि पुढे दर शनिवारी आठवण करून देतात. अर्धं इंग्रजीत बोलतात. मोटरसायकलला ते मशीन म्हणतात, वळणाला कॉर्नर म्हणतात, आणि भीतीला त्यांच्याकडे एक लांबलचक नाव आहे. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवून पांढऱ्या फळ्यावर बाण काढतात. माझ्याबरोबर शिकायला आलेले बहुतेक खराडीचे, हिंजवडीचे. नागपूर-अमरावतीकडून नोकरीला आलेले, पहिल्या बोनसची गाडी घेतलेले. त्यांतल्या एकाने मला विचारलं, मॅडम, तुमचा मुलगा कुठल्या बॅचला आहे. मी म्हटलं, मीच माझा मुलगा आहे. तो सकाळभर माझ्यापासून लांब राहिला.

शाळेचं जाकीट घालावं लागतं. त्याला आधीच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या घामाचा वास येतो. नवऱ्याचं जाकीट घाला, असं दोघांतिघांनी सुचवलं; त्यांच्या डोळ्यांपुढे काय चित्र होतं ते मला दिसलं. ते जाकीट मला गुडघ्यापर्यंत येतं. मी शाळेचंच घातलं, आणि शिकायला गाडीही शाळेचीच घेतली.

आपण मोटरसायकल किंवा स्कूटर चालवतो असं पुण्यात ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या ट्रॅकवर जाऊन उभं राहावं. रस्त्यावर जे कौशल्य वाटतं ते तिथे नुसती खोड म्हणून उघडं पडतं. पहिल्या शनिवारी प्रत्येकाचा डावा अंगठा हॉर्न शोधत होता. समोर कुणी नसताना, सकाळच्या शांत हवेत, प्रत्येक वळणाआधी अंगठे नुसते तडफडत होते. कुणी वळताना पाय खाली सोडत होतं, नावेच्या सुकाणूसारखा. एका तरुणाने वळण्याआधी मागे बघितलं नाही, आरसा बघितला नाही, फक्त हात बाहेर काढून हलवला, आणि ट्रॅकच्या मधोमध थांबून मागच्याला 'जा' म्हणाला. या शहराला वाहतुकीचा अनुभव आहे म्हणतात. मला वाटतं या शहराला एकमेकांना चुकवण्याचा अनुभव आहे, आणि तो आला की माणूस शिकायचं थांबतो.

माझी खोड वेगळी होती. शिक्षकांना ती पहिल्याच फेरीत दिसली. मी खाली बघत होते. पुढच्या चाकाच्या वीतभर पुढे, जिथे खड्डा असतो तिथे. वारज्यापासून कॉलेजपर्यंतचा प्रत्येक खड्डा मला पाठ आहे; कुठे झाकण रस्त्याच्या वर आहे, कुठे खाली, कुठे केबल टाकून परत बुजवताना उंचवटा केलाय. इतक्या वर्षांत माझ्या मानेला रस्त्यावर तोच एक कोन माहीत होता. पण ट्रॅकवर खड्डा नसतो. तिथे गाडी बघाल तिकडे जाते, आणि मी डांबराकडे बघत असल्यामुळे गाडीला कुठे जायचं ते कळत नव्हतं. पहिल्या वळणात मी टायरांच्या राशीत गेले. हळू गेले, पण गेले. रास मऊ असते. अपमान टणक असतो.

वाचणाऱ्या माणसाला ही चूक फार महाग पडते. मी घरी बसून सगळं वाचून आले होते. ब्रेक वळणाआधी, सोडायचा हळूहळू, हँडलवर भार टाकायचा नाही, टाकीला गुडघ्यांनी घट्ट धरायचं, वळण जिथे संपतं तिथे नजर, आणि मग ॲक्सिलरेटर दोरा ओढावा तसा. हे मी शेडमध्ये कुणालाही समजावून सांगू शकत होते आणि समजावून सांगतही होते. गाडीवर बसले की मान खाली. शिक्षकांनी मग मला एक बालवाडीतला उपाय सांगितला: वळणात शिरण्याआधी, वळणाच्या पलीकडे जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं. मला ते हास्यास्पद वाटलं. मी काही शनिवार ते केलं नाही आणि काही शनिवार टायरांत गेले. शेवटी हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू येणार आहे, असा विचार करून केलं. पिंप. खांब. शेडचा कोपरा. आंब्याचं झाड. आवाज हेल्मेटमध्येच घुमून माझ्याच कानात परत येत होता. वर्षभर मी कामापुरतं बोलत होते, आणि आता एका गो-कार्टच्या ट्रॅकवर वस्तूंची नावं ओरडत फिरत होते. गाडी वळायला लागली.

एका गोष्टीत मात्र मला शिकवावं लागलं नाही. मी आयुष्यात क्लच वापरला नव्हता, त्यामुळे तो नको तिथे दाबायची सवय मला नव्हती. बाकीच्यांना होती. वळण आलं की त्यांची दोन बोटं आपोआप क्लचवर जायची आणि इंजिन चाकापासून सुटायचं. इंजिन सुटलं की गाडी नुसती घरंगळते. तिला आवरणारं काही राहत नाही, ओढणारंही राहत नाही, आणि ती वळणाच्या बाहेर बाहेर जाते.

त्याच सुमाराला मी शिक्षकांना नवऱ्याबद्दल विचारलं. मला भीती होती ती ते काय सांगतील याचीच. माणूस गेला की तो सगळ्यांच्या तोंडी एकदम उत्तम होतो. कारखान्यातल्या साहेबांनी सांगितलं, त्याच्यासारखा माणूस विभागात झाला नाही. हयात असताना त्यांनी त्याची बढती सतत पुढे ढकलली होती. नात्यातल्या बायका म्हणाल्या, कधी कुणाला दुखावलं नाही. तो तर स्पष्ट बोलून निम्म्या नात्याला दुखावत असे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना तो मुद्दाम दुखावत असे. वर्षभर लोकांनी त्याच्यावर इतकी सफेदी मारली होती की खाली कोण होता ते मलाच आठवेनासं झालं होतं. तर मी विचारलं, ते गाडी कशी चालवायचे.

शिक्षक फळा पुसत होते. पुसत राहिले. मग म्हणाले, "सर रेग्युलर होते."

मी खुर्ची ओढून फळ्यासमोर बसले.

"खरं सांगू का मॅडम? शेवटच्या कॉर्नरला क्लच दाबायचे. नेहमी. इथला तो एकच कॉर्नर उतारावर आहे ना. बाकी सगळे छान घ्यायचे, हळू पण छान. तिथे आले की क्लच, आणि गेले बाहेर. किती वर्षं सांगत होतो. सॉरी म्हणायचे, पुढच्या राउंडला परत तेच."

तो गेल्यापासून त्याच्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. मी घरी परतताना स्कूटरवर बराच वेळ हसत होते. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं आणि रिक्षा थोडी पुढे घेतली.

कारण मला ती चूक ओळखू आली होती. ती त्याची नव्हती, त्याच्या घराण्याची होती. माझे सासरे सरकारी कचेरीत होते आणि त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. चांदणी चौकातून वारज्याकडे उतार लागला की ते इंजिन बंद करायचे. एक मुलगा पुढे उभा, एक मागे, बायको त्याच्या मागे अर्धी बाहेर, आणि हे चौघे वाऱ्याच्या आवाजात, फुकट, खाली यायचे. उतारावर पेट्रोल जाळणारा माणूस आणि दारू पिणारा माणूस यांत सासरे फार फरक करत नसत. दोन्ही मुलांना गाडी शिकवली ती याच शास्त्राने: चढाला गिअर, उताराला क्लच. गाडी आपल्या वजनाने जाते, तिला कशाला खायला घालायचं. सासूबाई अजूनही ही गोष्ट पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. मुलांचे पगार वाढले, एकाने ट्रॅकवर जायला महागडी गाडी घेतली, आणि त्या गाडीवर, टायरांच्या राशींमध्ये, उतार दिसला की त्याची दोन बोटं वडिलांचं पेट्रोल वाचवत होती.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या शनिवारी मी नवऱ्याची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर नेली. दीर आधीच येऊन थांबला होता, नवीन जाकिटात, मोबाइलचा कॅमेरा स्टँडवर लावून. माझी फजिती त्याला आईला दाखवायची होती की स्वतःच्या ग्रुपला, ते मी विचारलं नाही. शिक्षकांनी अट त्याच्यासमोर सांगितली: मी एकटी चालवणार, ते कुंपणापासून बघणार, आणि सुरक्षित वाटलं तरच ही गाडी यापुढे ट्रॅकवर चालवायची परवानगी देणार. दीर म्हणाला, "अर्थात, सेफ्टी फर्स्ट." त्याच्या टायरच्या कडा त्या सकाळी ताज्या घासलेल्या होत्या. शिक्षकांनी त्या बघितल्या आणि आकाशाकडे बघितलं.

गाडी शाळेच्या गाडीपेक्षा जड होती, आणि तिच्यावर बसल्यावर मनगटं दुखत होती. मला काही भव्य वाटलं नाही. तो इथे बसायचा, त्याचे हात इथे असायचे, वगैरे जे वाटेल असं लोकांनी सांगितलं होतं ते वाटलं नाही. मला वाटत होतं की ही पडली तर मला उचलता येणार नाही. मी निघाले. पिंप. खांब. शेडचा कोपरा. दिराचा कॅमेरा वळणाच्या पलीकडे आला तेव्हा मी 'मोबाइल' म्हटलं आणि त्याच्या बाजूने गेले. शेवटच्या वळणाच्या उताराला माझी बोटं हँडलभोवती होती तशीच राहिली, इंजिन मागून धरून ठेवतंय असं जाणवलं, झाड दिसलं, झाड म्हटलं, आणि गाडी आतून वळून सरळ पट्ट्यावर आली. वेग विचारू नका. माझ्यापेक्षा जोरात या शहरात पाळीव कुत्री पळतात. पण प्रत्येक फेरीत ती त्याच रेषेवरून वळली.

थांबले तेव्हा शिक्षकांनी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि इंग्रजीत सांगितलं की मी पास आहे. दिराने स्टँड गुंडाळायला घेतला. "छान चालवलीत, वहिनी. स्लो, पण छान," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, स्टँडकडेच बघत, "एक राउंड मारू का? दादाची गाडी आहे. एकदाच."

नाही म्हणण्यासारखी माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. ती सगळी त्याने स्वतःच दिली होती. मी किल्ली दिली, कारण तो काय करतो ते मला बघायचं होतं. सरळच लिहायचं तर, तो पडावा असं मला वाटत होतं. लागू नये, पण पडावा.

तो बसला. अंग डावीकडे, उजवीकडे लटकवत, टाचा आत-बाहेर करत, फोटोतल्यासारखा निघाला. पहिली वळणं त्याने नको तितक्या जोरात घेतली. मी शिक्षकांशेजारी कुंपणाला टेकून होते. मग तो उताराकडे आला, घाबरला, आणि एका क्षणात त्याचं सगळं नाटक गळून पडलं. लटकणं थांबलं. पाठ सरळ झाली, डावा खांदा वर गेला, डोकं किंचित बाजूला झुकलं, जसं काही कुणी मागून नाव घेऊन हाक मारतंय, आणि दोन बोटं क्लचवर. इंजिनाचा आवाज सुटून वर गेला. गाडी आवाज न करता, घरंगळत, बाहेर, आणखी बाहेर, गवतात.

तो पडला नाही. गवतात पाय टेकून उभा राहिला.

मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. हेल्मेट होतं, जाकीट होतं, आणि त्यात माझा नवरा होता. तो तिरका खांदा मी रोज सकाळी बसच्या थांब्याकडे जाताना मागून बघितला होता. वर्षभर फोटो बघून मला जे आठवत नव्हतं ते त्या उतारावर जितका वेळ गाडी घरंगळली तितका वेळ समोर होतं. शिक्षक शेजारी हळूच म्हणाले, "सेम टू सेम."

दीर गाडी ढकलत आला. हेल्मेट काढलं. मला वाटलं आता टायर गार होते म्हणेल, डांबरावर वाळू होती म्हणेल. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो गाडीच्या क्लचकडे बघत होता.

"दादा पण इथेच बाहेर जायचा का?"

"नेहमी," मी म्हटलं.

"बाबांमुळे," तो म्हणाला, आणि गप्प झाला. त्याला गप्प बसलेलं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. मग नाक ओढून त्याने नेहमीचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "गाडी तुमचीच, वहिनी. मी आईला सांगतो."

"माझीच आहे. पार्किंगमध्ये माझ्याच जागेत राहील."

"हो."

"शनिवारी तुला यायचं असेल तर ये. माझ्या फेऱ्या झाल्यावर."

शिक्षक पुढे झाले. त्यांच्या खिशात फळ्याचं मार्कर होतं, आणि हा कॉर्नर बिघडला कसा, इंजिन ब्रेकिंग म्हणजे काय, हे सगळं बाणांसह समजावून सांगायला ते आतुर होते. हे त्यांचं कामच आहे, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दिराला ती चूक आज नीट समजावली असती तर तो कदाचित दोन-तीन शनिवारांत ती विसरलाही असता. भावापेक्षा तो लवकर शिकतो. मी त्यांच्या आणि दिराच्या मधे उभी राहिले.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय राहू द्या?" दिराने विचारलं.

"काही नाही. ऊन व्हायच्या आत अजून एक फेरी मारून ये. हळू जा."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, कारण मी त्याच्याशी इतकं बरं कधी बोलले नव्हते. हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली. या वेळी लटकला नाही, साधा बसून निघाला. मी कुंपणाच्या त्या टोकाला गेले जिथून उतार नीट दिसतो, आणि तो यायची वाट बघत उभी राहिले.